खुर्चीचं भाडं कशाला भरता?

प्रश्न : ताई, आम्ही चौघं कॉलेजपासूनचे दोस्त, सगळ्यांच्या पहिल्याच नोकऱ्या. महिन्यातून एकदा भेटतो, पण भेट होते ती मॉलमध्येच. कॉफी, पिझ्झा, मग बिल बघून चेहरे उतरतात. आमच्यातल्या एकाचा पगार फारच कमी आहे, तो हल्ली ‘काम आहे’ म्हणून टाळतो. माणशी दोनशे रुपयांत मुंबईत दिवस काढता येईल का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : येईल की! वर चहाला चार पैसे उरतील. मी फोर्टातल्या एका बँकेत अख्खी नोकरी काढली. शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटलो की आम्ही मैत्रिणी तिथेच भटकायचो, आणि तेव्हा आमचेही खिसे तुमच्याइतकेच हलके होते. मॉलमधल्या कॉफीच्या बिलात निम्मं भाडं खुर्चीचं असतं. तेवढं वाचवायचं. बसायला फुकट मिळेल अशा जागा एकामागून एक गाठायच्या आणि खाणं उभ्याउभ्या उरकायचं.

शनिवार धरा. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक गळ्यात पडतो, शिवाय फोर्टातल्या वडापाव-सँडविचच्या गाड्या ऑफिसवाल्यांच्या जिवावर चालतात, त्यामुळे रविवारी तिथे शुकशुकाट असतो. लोकलचं सेकंड क्लासचं रिटर्न पन्नासाच्या आत बसतं. पाण्याच्या बाटल्या घरून भरून न्या.

सीएसएमटीला उतरलात की लगेच पळत सुटू नका. सबवेतून महापालिकेच्या बाजूला या आणि स्टेशनकडे तोंड करून उभे राहा. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. भिंतींवर दगडात कोरलेले पशुपक्षी तर इतके, की कोण जास्त शोधतो अशी पैज लावा, हरेल त्याने चौघांचं कटिंग आणायचं. तुमच्या पाठीमागची पालिकेची इमारतही स्टेशन बांधणाऱ्या फ्रेडरिक स्टीव्हन्सचीच, १८९३ची. रोज तिथून जाणाऱ्या किती जणांनी मान वर करून पाहिलंय, विचारा.

मग डी. एन. रोडने कमानींखालून सावलीसावलीने हुतात्मा चौकात. पुढे हॉर्निमन सर्कलची बाग, तिथे झाडाखाली बसून तासभर गप्पा ठोका, कुणी उठवायला येत नाही. समोर एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाची १८३३ची इमारत, तिच्या पायऱ्यांवर फोटो काढायचा मोह आवरणार नाहीच.

उन्हाच्या वेळी जहांगीर आर्ट गॅलरी गाठा. १९५२पासूनची आहे, तिकीट नाही. बरीच तरुण मंडळी आत जायला बिचकतात, ‘आपल्याला चित्रातलं काय कळतं’ म्हणून. अहो, बहुतेक वेळा चित्रकार स्वतःच चित्रांशेजारी स्टुलावर बसलेला असतो, सकाळपासून लोक समोरून मुकाट्याने जाताना बघून कंटाळलेला. त्याला नुसतं विचारा, ‘हा निळा रंग असा खरबरीत कसा आला?’ असा खुलतो की तुमची अर्धी दुपार तिथेच जाते. विकत घ्यायची ऐपत नाही हे त्यालाही दिसतच असतं, त्याची लाज नको.

ऊन उतरलं की ओव्हल मैदान. मधोमध उभे राहिलात की एका बाजूला राजाबाई टॉवर आणि हायकोर्टाच्या टोकदार कमानी, दुसऱ्या बाजूला विसाव्या शतकातल्या घरांच्या गोल कोपऱ्यांच्या बाल्कन्या. या दोन्ही तऱ्हा एकत्र धरून २०१८ साली युनेस्कोने हा भाग जागतिक वारशात घेतला. मैदानात एका वेळी इतक्या मॅचेस चालू असतात की कुणाचा फिल्डर कुठला, कळत नाही. तिथून चर्चगेटमार्गे मरीन ड्राइव्हचा कट्टा. त्याबद्दल मी काय सांगणार!

आता तुमच्या त्या मित्राचं. टीटीएमएम करू नका, त्यात दर वेळी प्रत्येकाचा खिसा उघडा पडतो. सकाळीच कॉन्ट्री काढा, प्रत्येकी दोनशे, आणि पाकीट त्याच्याच हातात द्या. दिवसभराचा खजिनदार तो. त्या पाकिटाबाहेरचा एक रुपयाही कुणी खर्चायचा नाही, आणि ‘हे माझ्याकडून’ हे तर अजिबात नाही. तुमच्या लेखी तो मनाचा मोठेपणा, त्याला मात्र ते ओझं होतं. मुळात तुम्ही त्याला मॉलमध्ये बोलावता तेच चुकतंय, ही भेट त्याला विचारून ठरवा. आणि चारात पाचवा-सहावा घुसवू नका. चार जण एका टॅक्सीत मावतात, सहा झाले की दोन टोळ्या होतात आणि एकमेकांची वाट बघण्यात दिवस जातो.

प्रश्न : आम्ही पाचजणी साठीपुढच्या, परळला राहतो. फार चालवत नाही. आम्हाला काही सुचवाल? – एक वाचक, परळ

उत्तर : भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे आपलं प्राणिसंग्रहालय. तुम्ही नातवंडांना घेऊन गेला असाल, आता स्वतःसाठी जा. तिकीट काढा, जुन्या झाडांखालचा बाक पकडा. फाटकाजवळच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२चं. वरच्या मजल्यावर जुन्या मुंबईतल्या माणसांच्या आणि धंद्यांच्या मातीच्या प्रतिकृती आहेत, त्या निवांत बघा. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे, इंग्लंडला न्यायला उचलताना तुटला आणि पुन्हा जोडला तो. फोर्टातल्या काळा घोडा चौकाला ज्याचं नाव पडलं तो पुतळाही इथेच, १९६५ला चौकातून हलवलेला, पाठीवरच्या सातव्या एडवर्ड राजासकट. चौकात आता आहे तो २०१७चा, बिनस्वाराचा. बाग आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद, आणि मे महिन्यात जाऊ नका, पेंग्विनपुढे पोरांची झुंबड असते.