वर्दी उतरल्यानंतरचं काम

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. येत्या जानेवारीत अग्निवीर म्हणून चार वर्षं भरतात, फौजेत पुढे ठेवायच्या पंचवीस टक्क्यांत नाव नाही आलं तर गावी येऊन काय करू, असं विचारलंस. नाव नाही आलं तर त्यात कमीपणा मानू नकोस. मी 1968 ला भरती झालो आणि 1984 ला हवालदार म्हणून पेन्शन घेऊन परतलो. तुला पेन्शन नाही, म्हणून आधी पोटापाण्याचं बघ. सेवा निधीचे साडेअकरा लाखांच्या वर पैसे येतील. ते येण्याआधीच जीप घे, ट्रॅक्टर घे, पंचायतीला उभा राहा असं सांगणारे दारात येतील. सहा महिने त्या पैशाला हात लावू नकोस. बाकी तू हुशार आहेस.

आता तू विचारलेलं दुसरं, वर्दी उतरल्यावर मी काय काम केलं ते. शाळेत पोरं मला लढाईच विचारतात. 1971 च्या बांगलादेशच्या लढाईत आमच्या जंगी पलटणीने, म्हणजे पहिल्या मराठा बटालियनने, ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या मागची वाट अडवली होती. 10 डिसेंबरच्या रात्री शत्रू ती फोडून निघायला बघत होता, 11 ला जमालपूर पडलं, 16 ला ढाक्यात शरणागती झाली. मी ते अभिमानाने सांगतो. पण माझं पुढचं आयुष्य ठरलं ते 1973 च्या उन्हाळ्यात. सुट्टीवर आलो तर लोकांनी स्टँडवरच फेटा बांधला, हलगी लावली. घरी आई नव्हती. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली होती. दिवस मावळताना आली, बोटांना चिंध्या बांधलेल्या, आणि पदरात माझ्यासाठी राखून ठेवलेली सुकडी. त्यानंतर मी फेटा कधी बांधून घेतला नाही.

परत आल्यावर माझ्या हातून एक मोठी चूक झाली, ती तू करू नयेस म्हणून सांगतो. गावची बारव गाळाने भरली होती. मी सकाळी सहाला शिट्टी मारली. पहिल्या दिवशी चाळीसेक माणसं आली. मी रांग लावली, कामं वाटली आणि उशिरा आलेल्या एकाला चारचौघांत बोललो. तिसऱ्या दिवशी बारवेत मी एकटाच. ज्याला बोललो तो सालगडी होता. मालकाच्या जनावरांचं शेणपाणी उरकून, भाकरी न खाता आला होता. मी विचारलंच नव्हतं. पलटणीत हुकमामागे सगळी फौज उभी असते. गावात तुझ्यामागे कोणी नसतं, तुझी वागणूक तेवढी असते. तीन आठवडे एकट्याने गाळ काढला. मग एका सकाळी तोच सालगडी टोपलं घेऊन खाली उतरला. त्याच्यामागून बाकीचे आले.

गाव तुला आल्या दिवसापासून 'मेजर' म्हणेल, मलाही म्हणतं. लोक प्रेमाने म्हणतात, म्हणू दे. तू मात्र सालगड्याला आधी जेवलास का म्हणून विचार.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट तू पाहिली नाहीस. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं दमून झोपली होती. चार वाजायला काही मिनिटं होती. किल्लारीच्या बाजूला आम्ही टिकाव-खोरी घेऊन गेलो तेव्हा घर कुठलं आणि गल्ली कुठली कळत नव्हतं. जाड दगड-मातीच्या भिंती, त्यावर माळवदाची माती, सगळं झोपलेल्यांवर आलेलं. उपसायला हात पुष्कळ होते, पण कुठल्या घरात किती माणसं झोपली होती हे सांगणारं कोणी नव्हतं. मी शेजारच्या एका पोराची वही मागून घेतली आणि घरागणिक लिहीत गेलो: माणसं किती, सापडली किती, कुणाला कुठल्या दवाखान्यात नेलं. त्या भूकंपात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. पुढे 52 गावं नव्या जागी वसली, आणि त्या काळात कितीतरी जण त्या वहीतलं आपलं पान बघायला माझ्याकडे यायचे. आपल्या माणसाचं नाव कुणीतरी लिहून ठेवलंय, एवढं पाहूनही काही जण रडायचे.

तेव्हापासून वही सुटली नाही. आज माझं बहुतेक काम कागदाचंच आहे, आणि तुला द्यायचं तेही तेच. जवान वारला की त्याच्या बायकोच्या हातात डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद आणि बँकेचं पासबुक येतं. तिन्हींत तिचं नाव वेगळं. आपल्याकडे लग्नात नाव बदलतात. माहेरची राधा सासरी सुमन होते. जवानाने पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे फौजेतल्या त्याच्या घरच्या नोंदीत, एक लिहिलेलं, आधारवर दुसरं, आणि कुटुंब पेन्शन तिथेच अडकते. मग प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, रेकॉर्ड ऑफिसला अर्ज. मराठा पलटणीचं रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिकला, हे पाठ करून टाक. पाठवलेल्या प्रत्येक कागदाची पोच वहीला चिकटव. नोव्हेंबर लागला की हयातीचे दाखले. ते आता 'स्पर्श' या फौजी पेन्शनच्या पोर्टलवर मोबाईलवरूनही होतात. पण म्हाताऱ्या बाईचे अंगठे खुरपून झिजलेले असतात, यंत्र घेत नाही. तिथे मला दिसतही नाही नीट, आणि तू दोन मिनिटांत काहीतरी मार्ग काढशील. पैसे कुणाकडून घेऊ नकोस, चहा मात्र नाकारू नकोस. नाकारला तर ती पुढच्या खेपेला संकोचाने येत नाही.

माझी वयाची पंच्याहत्तरी उलटली. एसटीची पायरी चढताना आता कुणाचा तरी हात लागतो. वहीत सात जणींची कामं बाकी आहेत. त्यातलं तांड्यावरच्या आजीचं सगळ्यात जुनं आहे. तिच्या नवऱ्याच्या कागदांवर तिच्या जन्माचं सालच नाही. तिचा भाऊ शाळेत होता, त्याच्या दाखल्यावरून काही जुळतं का बघायचं आहे. सकाळी ती मजुरीला जाते, तेव्हा दुपारी चारनंतर जा. कुत्रं भुंकतं, चावत नाही. माझं नाव सांग, म्हणजे ती ट्रंक उघडेल.

तुझा,
मेजर आजोबा