कोड येत नाही, तरी हातभार लावायचाय

प्रश्न : मी प्रोग्रामर नाही. एक ओपन सोर्स (ज्याचा कोड सर्वांना खुला असतो असा) फोटो-एडिटर रोज वापरते, मनापासून आवडतो. पण त्यातली कितीतरी कामं उगाच अवघड आहेत. कळवलं की ‘पॅच पाठवा’ (म्हणजे दुरुस्तीचा कोड स्वतःच लिहून द्या) किंवा ‘आम्हाला तर अडचण येत नाही’ असं उत्तर येतं. कोड न लिहिता काही करता येईल का?

उत्तर : येईल, आणि बहुतेक प्रकल्पांत ज्याची सर्वांत जास्त वानवा असते तेच तुम्ही करू शकाल. ‘आम्हाला अडचण येत नाही’ हे उत्तर लागतं खरं, पण ते खोटं नसतं. ज्याने ती स्क्रीन स्वतः लिहिली, त्याला प्रत्येक बटणाची जागा पाठ असते. नवख्याची नजर त्याच्याकडे उरलेलीच नसते. ती तुम्ही मिळवून द्या.

मी एका प्रकल्पात हेच काम करते. तो प्रोग्राम कधी न वापरलेल्या माणसाला संगणकापुढे बसवते, एक काम देते आणि गप्प राहते. काम सांगताना मेनूतला शब्द तोंडातून जाऊ द्यायचा नाही. ‘फोटो क्रॉप करा’ म्हटलं की माणूस ‘क्रॉप’ हा शब्द शोधत सुटतो. ‘कडेला उभा असलेला माणूस फोटोत नको’ असं सांगा, म्हणजे त्याचा हात आपसूक कुठे जातो ते दिसेल. अवघड भाग गप्प राहण्याचा. समोरचा पुन्हा त्याच चुकीच्या मेनूत शिरतो, तेव्हा जीभ वळवळते. बोलू नका, लिहून घ्या. त्यासाठीच तर बसलोय. ‘मलाच येत नाही’ असं तो म्हणेल, तेव्हा मात्र आवर्जून सांगा की परीक्षा प्रोग्रामची चालली आहे. परवानगी घेऊन स्क्रीन रेकॉर्ड करा. माणसंही फार लागत नाहीत. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की पाच जणांतच बहुतेक अडचणी दिसतात, पुढे त्याच त्या येत राहतात. मला ते पटतं. पाचांनंतर दुरुस्ती, मग नवे पाच.

आता इश्यू, म्हणजे प्रकल्पाकडे लेखी नोंदवलेली अडचण. ‘इंटरफेस गोंधळाचा आहे’ या वाक्याचं डेव्हलपरने करायचं काय? काम कोणतं होतं, काय दिसलं, काय अपेक्षित होतं, व्हर्जन कोणतं, एवढं लिहा. एका इश्यूत एकच अडचण, आणि शीर्षकात उपाय नको. गिंप या ओपन सोर्स फोटो-एडिटरचं बघा. २०१२ मध्ये आलेल्या २.८ व्हर्जनपासून ‘सेव्ह’ फक्त गिंपची एक्ससीएफ फाइल करतं. जेपेग हवं तर ‘एक्स्पोर्ट’. लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक रचलेले थर, हरवू नयेत हा त्यामागचा विचार रास्त आहे. ‘जुनं परत आणा’ लिहिलंत की वाद पेटतो. ‘जेपेग उघडून उजेड वाढवला, सेव्ह केलं, मूळ फोटो तसाच राहिला हे वापरणाऱ्याच्या लक्षात आलं नाही’ असं लिहून रेकॉर्डिंग जोडलंत, तर चर्चा त्या माणसाच्या अडचणीवर होते. ‘पॅच पाठवा’ म्हणणारेसुद्धा असं रेकॉर्डिंग शेवटपर्यंत बघतात, हा माझा अनुभव.

प्रश्न : मी एका लहान ओपन सोर्स प्रकल्पाचा मेंटेनर, म्हणजे तो सांभाळणारा, आहे. प्रत्येक बदलावर दोन तट पडतात. दोन्ही पद्धती सेटिंगमध्ये देऊन वाद मिटवावा का?

उत्तर : वाद तुमच्यापुरता मिटेल, पण निर्णय नवख्याच्या गळ्यात पडेल. शिवाय दहा चालू-बंद सेटिंग म्हणजे प्रोग्रामच्या १,०२४ वेगवेगळ्या अवस्था; त्या तपासणार कोण? ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या २.० व्हर्जनमध्ये, २००२ साली, बऱ्याच सेटिंग काढून टाकल्या. जुने लोक भडकले. मी ग्नोमच्या बाजूची आहे.

सेटिंग असूच नये असं नाही. आधी डिफॉल्ट, म्हणजे काहीही न बदलता मिळणारी पद्धत, ठरवा. ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या प्रोग्राममध्ये वर्षानुवर्षं उजव्या क्लिकने वस्तू निवडली जायची. जुलै २०१९ च्या २.८० व्हर्जनमध्ये डावी क्लिक डिफॉल्ट झाली आणि उजवी सवयीच्या लोकांसाठी पर्याय म्हणून ठेवली. हा क्रम मला योग्य वाटतो. तुमचं एकमत होत नसेल, तर दोन्ही पद्धती नव्या माणसांपुढे ठेवून बघा. निर्णय झाला की कारण त्याच इश्यूत लिहा आणि मगच तो बंद करा. पुढच्या वर्षी कुणीतरी तोच विषय काढणार आहे.