कैरोत शिक्षिका म्हणून चार वर्षं: पगार, मसूर आणि गुरुवारची संध्याकाळ

प्रश्न असा आहे: "कैरोतल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी मिळतेय. तिथलं रोजचं आयुष्य कसं असतं, पैसे मागे पडतात का, आणि फिरायला वेळ मिळतो का?"

मी कोल्हापूरची. ऑगस्ट २०२१ ते जून २०२५ अशी चार वर्षं कैरोत नववी-दहावीला फिजिक्स शिकवून आलेय. शाळेचं नाव सांगत नाही, पण बाकी सगळं सांगते.

आधी पैशांचं बोलू, म्हणजे तो विषय मिटेल. मी गेले तेव्हा एका डॉलरला पावणेसोळा इजिप्शियन पौंडांच्या आसपास मिळत होते. मग टप्प्याटप्प्याने घसरण सुरू झाली, आणि मार्च २०२४ मध्ये सरकारने पौंड मोकळा सोडल्यावर एका दिवसात डॉलर ३१ पौंडांवरून पन्नाशीपर्यंत गेला. रुपयात सांगायचं तर गेले तेव्हा पौंडाचे साडेचार रुपयांहून जास्त येत होते, निघाले तेव्हा पावणेदोनही येत नव्हते. माझा निम्मा पगार डॉलरमध्ये होता म्हणून निभावलं. आमच्यातल्या एका सरांचा सगळाच पौंडात होता. पगार तेवढाच, आकडाही तोच, फक्त गावाकडे पोचेपर्यंत त्याचं पार पाणी व्हायचं. त्यामुळे करारात डॉलर किती आणि पौंड किती हे आधी बघा, जुलै-ऑगस्टचा पगार देतात का ते विचारा, आणि पदवी-बीएडच्या प्रमाणपत्रांवर परराष्ट्र मंत्रालयाचा आणि इजिप्तच्या वकिलातीचा शिक्का भारतातूनच मारून घ्या. नुसते पैसे साठवायला जात असाल तर आखात बरं. इजिप्तला त्यासाठी जाऊ नका.

आता राहण्याचं. मी कैरोच्या दक्षिणेला 'मआदी'त राहायचे. (मराठीत लिहिताना हे नाव जपून लिहावं लागतं. आमच्या घरच्यांनी एकदा चुकीचं लिहून कुरियरवाल्याला हसवलंय.) झाडांचा भाग आहे. मे महिन्यात गुलमोहर असा फुलतो की क्षणभर कोल्हापूरच्या ताराबाई पार्कात असल्यासारखं वाटतं. आठवडा रविवारी सुरू होतो, सुट्टी शुक्रवार-शनिवार. हे ऐकायला सोपं, पण घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर रविवारी तांबड्या-पांढऱ्याचे फोटो पडत असतात आणि आपण तेव्हा दुसऱ्या तासाला ओहमचा नियम शिकवत असतो. चार वर्षांत याची सवय काही झाली नाही.

सकाळी गजर लावायची गरज नसते. "बेकियाऽऽ" अशी हाक येते, तो भंगारवाला. मूळ शब्द इटालियन, 'रोबा वेक्किया' म्हणजे जुन्या वस्तू, इथे त्याचं 'रोबाबेकिया' झालं. पाठोपाठ गॅसवाला पान्याने सिलिंडर बडवत जातो. समोरच्या चौथ्या मजल्यावरच्या आजी दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायच्या, त्यात पैसे असायचे. खालचा पोरगा पैसे काढून घ्यायचा, रोट्या ठेवायचा आणि दोरीला एक हिसका द्यायचा. आजी दोरी ओढत ओढत त्याच्याशी भांडायच्या. हा कार्यक्रम रोजचा, आणि माझी शाळेची बस नेमकी तो संपला की यायची.

त्या रोटीला तिथे 'ऐश' म्हणतात. अरबीत या शब्दाचा अर्थ जगणं. आपल्याकडे तोच शब्द फारसीतून फिरून आला. आपण ऐश करतो, ते ऐश खातात. असे शब्द पावलोपावली भेटतात. हॉटेलात बिल मागायचं तर 'हिसाब', इमारत ती 'इमारा', सिग्नल तो 'इशारा', आणि काम आटपलं की 'खलास'. फसगतही होते. स्टाफरूममध्ये मी एकदा ठेचा पुढे केला. गणिताच्या बाईंनी बोटावर घेऊन चाखला आणि म्हणाल्या, "तामू गरीब." मला राग आला, आमच्या ठेच्याला गरीब म्हणते! नंतर कळलं, अरबीत 'गरीब' म्हणजे विचित्र, अनोळखी. तेही फार चांगलं नव्हतंच म्हणा.

सगळ्यात जास्त मी फसले ती आकड्यांत. तिथल्या दुकानांत, गाड्यांच्या पाट्यांवर अरबी आकडे असतात. दोन आणि तीन बरेचसे आपल्यासारखे, एक तर सरळ उभी रेघ. पण त्यांचा पाच हा गोल असतो, अगदी आपल्या शून्यासारखा, आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता एक ठिपका. पहिल्याच आठवड्यात टोमॅटोच्या ढिगावर पुठ्ठ्याची पाटी होती. रेघ आणि गोल. मी दहा वाचलं, किलोभर तोलून घेतले आणि दहाची नोट दिली. भाजीवाले काका हात पुढे करून तसेच उभे. मी पाटीकडे बोट दाखवते, तेही पाटीकडेच बोट दाखवतात. शेवटी त्यांनी उजव्या हाताची पाचही बोटं पसरून माझ्या नाकासमोर धरली. तेव्हा उजेड पडला. फिजिक्सची शिक्षिका, आणि पंधरा वाचता येईना! गंमत म्हणजे अरबीत या आकड्यांना 'हिंदी आकडे' म्हणतात.

त्याच काकांकडे आणखी एक किस्सा झाला. इजिप्तमध्ये "इन्ता फाकिरनी हिंदी?" असा वाक्प्रचार आहे, म्हणजे "मला हिंदी, म्हणजे भारतीय, समजलास की काय?", थोडक्यात "मला खुळा समजतोस का?" काका एका गिऱ्हाइकावर उखडून हे वाक्य बोलले आणि मान वळवली तर मागे मी उभी. गिऱ्हाईक हसायला लागलं. काका काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी माझ्या पिशवीत पुदिन्याच्या दोन जुड्या फुकट आल्या. मनात काही नसतं त्यांच्या. टॅक्सीत बसलं की दुसऱ्या मिनिटाला अमिताभचं नाव निघतं आणि तुम्ही त्याच्या गावचे आहात एवढ्यावर गाडी हळू चालते.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. सकाळी 'फूल', म्हणजे रात्रभर शिजवलेल्या बाकल्याच्या दाण्यांची उसळ, आणि त्याच दाण्यांची 'तामिया' ही भजी. दुपारी 'कोशरी': भात, मॅकरोनी, मसूर, हरभरे, वर टोमॅटोचा रस्सा आणि तळलेला कांदा. नाव ऐकून शंका येते ती खरी असावी, हा खिचडीचा लांबचा नातेवाईक मानतात. चौदाव्या शतकात भारतात आलेल्या इब्न बतूताने मुगाच्या 'किश्री'बद्दल लिहून ठेवलंय. तूरडाळ शोधावी लागते, पण मसूर कुठेही मिळतो. आणि सालासकट अख्ख्या मसुराला काय म्हणतात माहितेय? 'अद्स बि गिब्बा'. गिब्बा म्हणजे जुब्बा. झब्बा घातलेला मसूर! अख्खा मसूर खाणाऱ्या माणसाला यापेक्षा आपुलकीचं काय हवं? तिखट मात्र विसरा. त्यांचा 'शत्ता' आपल्या लेकरांना चालेल.

बाई माणूस म्हणून एकटं राहता येतं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण वाचणाऱ्या कुणालातरी हवं असेल. येतं. रस्त्यात शेरेबाजी होते, ते लपवत नाही. मेट्रोला मधले डबे बायकांचे असतात, मी त्यातूनच जायचे. दाराशी बव्वाब असतो, म्हणजे रखवालदार, बहुतेकदा दक्षिणेकडच्या खेड्यातून आलेला, जिन्याखालच्या खोलीत कुटुंबासह राहणारा. त्याला तुमचं सगळं ठाऊक असतं. कोण आलं, किती वाजता गेलं, पिशवीत काय होतं. पहिल्या महिन्यात याचा जाच वाटतो. मग एकदा ताप येतो, आणि कुणाला काही न सांगता त्याची बायको लिंबं आणि सूप घेऊन दारात उभी असते.

शाळा. पोरं प्रचंड बोलतात. सरांना 'मिस्तर', बाईंना 'मिस', आणि हाक मारताना "या मिऽऽस" असा लांब हेल (अरबीतलं 'या' म्हणजे आपलं 'अहो'). आदर आहे, शिस्त नाही. धर्माच्या तासाला वर्ग दोन होतात, मुसलमान मुलं एका खोलीत, ख्रिश्चन दुसऱ्या, आणि तास संपला की पुन्हा एकमेकांच्या गळ्यात गळे. तिथली बारावी म्हणजे 'सानविया आम्मा'. मेडिकल मिळणार का हे तिच्या टक्क्यांवर ठरतं, म्हणून घराघरात खाजगी शिकवण्या. आमची मुलं ब्रिटिश बोर्डाची, तरी संध्याकाळी 'सेंटर'ला जायचीच. लातूर पॅटर्न बघितलेल्या माणसाला तिथे समजावून सांगण्यासारखं काही नाही.

रमजानमध्ये तास छोटे होतात, आणि मुलं रात्रभर जागून आलेली असतात. मी आणि एक कॉप्टिक, म्हणजे तिथल्या ख्रिश्चन, बाई प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत, रसायनांच्या कपाटाआड डबा खायचो. कुणी मनाई केली नव्हती, पण उपाशी पोरांसमोर घास उतरत नाही. आणि सूर्यास्ताच्या वेळी रस्त्यात अडकलात तर खिडकीतून कुणीतरी खजूर आणि सरबताची पिशवी हातात कोंबतं. धर्म विचारत नाही.

आता फिरणं, ज्यासाठी मी खरं तर राहिले. गुरुवारी तीनला शाळा सुटते. ती संध्याकाळ घरी झोपून घालवणारे शिक्षक मी बघितलेत, दोन वर्षांत गिझाचे पिरॅमिड आणि मॉल एवढंच बघून परत गेले. गिझा बघा, पण दहशूर चुकवू नका. तिथे गर्दी नसते, आणि लाल पिरॅमिडच्या पोटात वाकून वाकून उतरता येतं. आत अमोनियाचा वास नाकात बसतो आणि दुसऱ्या दिवशी वर्गात बाकावर बसता येत नाही, मांड्या एवढ्या दुखतात. फय्यूमकडच्या वाळवंटात 'वादी अल-हितान' आहे, देवमाशांची दरी. सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीच्या देवमाशांचे सांगाडे वाळूत उघडे पडलेत, आणि त्यांना चक्क छोटे मागचे पाय आहेत. विज्ञानाच्या माणसाने तिथे तरी जाऊन यावं. अलेक्झांड्रिया एका दिवसात होतं.

पण एक सहल सविस्तर सांगते. दक्षिण इजिप्तमधल्या अस्वानच्या धरणामागे पाणी चढणार म्हणून अबू सिंबेलची देवळं १९६४ ते १९६८ या काळात कापून, तुकडे करून साधारण ६५ मीटर वर नेऊन पुन्हा जोडली. तिथे वर्षातून दोनदा, २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला, उगवत्या सूर्याचा किरण थेट गाभाऱ्यात जातो. २०२५ साली २२ फेब्रुवारी शनिवारी आला. गुरुवारी रात्री कैरोहून रेल्वे पकडली. सकाळी जाग आली तर खिडकीबाहेर ऊस. तासन् तास ऊस, मध्येच उसाच्या वाघिणींची छोटी रेल्वे, गुऱ्हाळासारखा वास. अस्वानला न्याहारीला ऐश, तिळाची ताहिना आणि 'असल इस्वद', म्हणजे 'काळा मध'. चाखून बघितलं तर काकवी. आपली काकवी! मी दोन वाट्या खाल्ल्या.

शनिवारी पहाटे तीनपासून रांगेत. थंडी अशी की दात वाजत होते. बाहेर नुबियन, म्हणजे त्या दक्षिण भागातल्या, लोकांचं ढोल वाजवणं चालू. सूर्य वर आला आणि दरवाजातून एक पिवळी पट्टी आत सरकत गेली. गाभाऱ्यात चार मूर्ती बसलेल्या आहेत. तिघांवर ऊन पडलं, चौथा प्ताह नावाचा देव, तो कडेला अंधारातच. पहारेकरी "यल्ला, यल्ला" करत पुढे ढकलत होते, मला जेमतेम दहा सेकंद मिळाले. आणि त्या दहा सेकंदांत मला काय आठवावं? अंबाबाईचा किरणोत्सव. तिथे मावळतीची किरणं, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर, आधी पायांवर, मग छातीवर, मग चेहऱ्यावर. लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून बघितलेलं.

रात्रीच्या विमानाने परतले आणि रविवारी पहिल्याच तासाला फळ्यावर दोन्ही देवळांच्या तारखा लिहिल्या. २१ डिसेंबर मध्ये धरा आणि दोन्हीकडे दिवस मोजा म्हटलं. कोल्हापूरचे दोन्ही बाजूंना एकेचाळीस-बेचाळीस, अबू सिंबेलचे साठ-त्रेसष्ट. सूर्य दक्षिणेकडे जाताना जिथून दिसतो, परतताना तिथूनच दिसतो, म्हणून तारखा जोडीने येतात. वर्गात पहिल्यांदाच शांतता होती. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "या मिस, तुमच्याकडे अंधारात कोण राहतं?" मी म्हटलं, आमच्याकडे मूर्ती एकच, पण आजूबाजूच्या इमारती आड आल्या की कधी कधी तीही राहते.

ग्रँड इजिप्शियन म्युझियम मी असताना अर्धंच उघडलं होतं, तुतनखामुनचा मुखवटा तेव्हा तहरीर चौकातल्या जुन्या म्युझियमच्या गुलाबी इमारतीतच होता. १ नोव्हेंबर २०२५ ला नव्या म्युझियमचं रीतसर उद्घाटन झालं, तुम्हाला सगळं एकत्र बघायला मिळेल.

जाताना कांदा-लसूण मसाला न्या, दोन किलो तरी. पिशवीवर इंग्रजीत ठळक नाव लिहा. माझी विमानतळावर उघडायला लावली होती, त्या साहेबांनी नाक जवळ नेऊन खोल श्वास घेतला. पुढची पाच मिनिटं ते शिंकत होते, आणि बाकीच्या बॅगा कुणी उघडल्याच नाहीत.