पूर येण्याआधीच गाव सावरायला सरकारी अनुदान मिळतं का?

तुमचं गाव निफाड तालुक्यात गोदाकाठी आहे, पाणी घरात शिरलं की पंचनामा होतो, थोडीफार मदतही मिळते. पण पूर येण्याआधी काही करायला ग्रामपंचायतीला पैसा मिळतो का, आणि मागायचा कुणाकडे, असं तुम्ही विचारलंय.

मिळतो. मी याच पट्ट्यात २०२१ ला ग्रामपंचायतीवर निवडून आलो आणि आमचा पहिला प्रस्ताव सपशेल परत आला, म्हणून अधिकाराने सांगतो.

पंचनाम्यानंतर येतो तो राज्य आपत्ती प्रतिसाद निधी. तुम्हाला हवाय तो राज्य आपत्ती सौम्यीकरण निधी, म्हणजे आपत्तीचा फटका आधीच कमी करण्यासाठीचा. (ग्रामसभेत हा शब्द मी दोनदा अडखळत वाचला, तेव्हा मागून कुणीतरी पाणी आणून दिलं.) २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ४८ मध्ये दोन्ही आहेत, पण दुसऱ्यात नियमित पैसा पडायला लागला तो पंधराव्या वित्त आयोगामुळे. २०२१ ते २०२६ साठी सगळ्या राज्यांना मिळून १,६०,१५३ कोटी, त्यातले २० टक्के सौम्यीकरणाला. महाराष्ट्राच्या बाबतीत केंद्राचे ७५ टक्के, राज्याचे २५.

आमची चूक झाली ती इथे. आम्ही नदीकाठी लांबलचक संरक्षक भिंत मागितली. आयोगाने तर स्पष्टच म्हटलंय की पुराचे तटबंध वगैरे मोठी बांधकामं नेहमीच्या विकास योजनांतून करा, या निधीतून नाही. हा पैसा गावपातळीवरच्या, लोकांना धरून केलेल्या कामांसाठी आहे. कित्येक महिन्यांनी कागद एका ओळीचा शेरा घेऊन परत आला. तोवर एकाही टेबलावर कुणी हे सांगितलं नाही.

मग आम्ही आधी पाणी येतं कुठून ते बघितलं. दारणा आपल्या वरच्या अंगाला मिळते, कादवा नांदूरमध्यमेश्वरला. तिथल्या बंधाऱ्यात गाळ साचलेला. वरच्या गंगापूर आणि दारणा धरणांतून एकदम विसर्ग सुटला की पाणी पुढे सरकण्याऐवजी मागे फुगतं. आमच्या गावात ते नदीकडून नाही, ओढ्यावरच्या अरुंद मोरीतून उलटं चढत होतं. भिंत बांधली असती तरी घरं बुडालीच असती! म्हणून दुसऱ्या प्रस्तावात दोनच गोष्टी मागितल्या: मोरी मोठी करणं, आणि नदीवर पाणीपातळीच्या खुणा व शाळेवर भोंगा. नाशकात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पुराचा अंदाज घेतात; तिच्या कमरेला पाणी लागलं की आपल्याकडे यायला काही तास असतात. तेवढ्यात कांदा, जनावरं, म्हातारी माणसं हलतात.

पुरावा मात्र तुमचा तुम्हालाच गोळा करायचाय. २०१९ च्या पुराची चिखलाची रेघ दिवाळीच्या रंगात पुढच्या भिंतींवरून पुसली गेली होती. घरांच्या मागच्या बाजूला होती तशीच होती. आम्ही दोघं-तिघं टेप घेऊन फिरलो, जमिनीपासून उंची मोजली, रेघेवर गेरूचा पट्टा ओढला आणि टेपसकट फोटो काढले. एका आजीबाईंनी देवळीशेजारचा खिळा दाखवला: "हे एकोणसत्तरचं पाणी." तो रेघेच्याही वर होता. शाखा अभियंत्याने आमचा ठराव चाळला तो चाळलाच, पण त्या खिळ्याच्या फोटोवर थांबला.

रस्ता असा: ग्रामसभेचा ठराव, तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे. सोबत जुन्या पंचनाम्यांच्या नकला जोडा. काम कोणता विभाग करणार हे आधी ठरवून त्याच्याकडूनच अंदाजपत्रक घ्या. पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येईल या भ्रमात राहू नका. जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात पूरप्रवण गावांमध्ये तुमचं नाव आहे का तेही बघा. नसेल तर आधी ते घालून घ्या. निवारा शेड वगैरे मागणार असाल तर जागा निळ्या पूररेषेच्या बाहेरची दाखवा. ती रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. आमच्या शेजारच्या गावाने आतली जागा दाखवली होती, पुढचं सांगायला नको.

आमची मोरी मंजूर झाली. भोंग्याचा कागद अजून फिरतोय.