बालेन्सियागा म्हणजे फाटके बूट विकणारी कंपनी ना? मग त्या जुन्या बालेन्सियागाला एवढं का मानतात?

ते बूट मीही पाहिलेत. 2022 मध्ये मुद्दाम झिजवून, फाडून ठेवलेले कॅनव्हासचे बूट 1,850 डॉलरपर्यंत किमतीला काढले होते. त्याच वर्षी कचऱ्याच्या पिशवीसारखी दिसणारी बॅगही आली. पण ज्याच्या नावावर ही कंपनी चालते, तो पॅरिसमध्ये नाव काढलेला फॅशनकार क्रिस्तोबाल बालेन्सियागा 1972 मध्येच गेला. त्याच्याही चार वर्षं आधी, 1968 मध्ये, त्याने स्वतःच्या हाताने दुकानाला कुलूप लावलं होतं. तेव्हा बुटांचा हिशेब त्याच्या खात्यावर मांडू नका.

मी फॅशनच्या दुनियेतली नाही. पंचवीस वर्षं ब्लाउज शिवतेय, त्यामुळे सांगेन ते शिवणकामाच्या बाजूने.

क्रिस्तोबाल बालेन्सियागाचा जन्म 1895 चा. स्पेनच्या बास्क किनाऱ्यावरचं गेतारिया हे मासेमारीचं गाव. वडील दर्यावर जाणारे, ते लवकर गेले. आई शिवणकाम करून घर चालवायची आणि हा तिच्याजवळ बसून सुई धरायला शिकला. बाराव्या वर्षाच्या सुमाराला सान सेबास्तियानला शिंप्याकडे उमेदवारी. पुढे त्याच शहरात स्वतःचं दुकान काढलं, मग माद्रिद आणि बार्सिलोनातही. 1936 मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली आणि 1937 मध्ये त्याने पॅरिसला ॲव्हेन्यू जॉर्ज पंचम, क्रमांक 10 इथे बस्तान बसवलं. वय 42.

पॅरिसच्या बड्या फॅशन-घराण्यांमध्ये, म्हणजे कपड्यांच्या कंपन्यांमध्ये, बहुतेकदा मालक चित्र काढायचा, आणि कापणारे, टाचणारे, शिवणारे हात दुसऱ्यांचे असायचे. हा स्वतः कापायचा, स्वतः टाचायचा, स्वतः शिवायचा. पॅरिसचीच नामवंत फॅशनकार शनेल, तिच्यासारखी तिखट जिभेची बाईसुद्धा या बाबतीत त्याला मानायची.

आता मुंढ्याकडे, म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात त्या जागेकडे येते, कारण माझ्या मते सगळी गोष्ट तिथेच आहे. ब्लाउज शिवणाऱ्या कुणालाही विचारा, गिऱ्हाईक सर्वात जास्त कशावरून भांडतं? गळ्यावरून नाही, मुंढ्यावरून. हात वर केला की अख्खा ब्लाउज वर चढतो. ढिला ठेवला तर पुढे चुण्या, घट्ट केला तर काखेत काचतो. बालेन्सियागाने जन्मभर याच गोष्टीचा ध्यास घेतला. मनासारखी बसली नाही तर तो तयार कपड्याची बाही उसवायचा आणि पुन्हा लावायचा, हे त्याच्याकडे काम केलेल्यांनी सांगितलेलं आहे. कधी बाही आणि अंग एकाच कापडातून कापून काखेत छोटा तुकडा जोडायचा, म्हणजे हात मोकळा फिरतो. बाही मनगटाच्या वरच थांबवायचा, म्हणजे हातातलं कांकण दिसतं. कॉलर मानेपासून जरा मागे उभी ठेवायचा, त्याने मान लांब वाटते. जाकीट पुढून अंगासरशी, पाठीमागून सैल. पन्नाशीतल्या, पोट सुटलेल्या बाईलाही ते शोभायचं. गिऱ्हाईकाला आधी बारीक हो म्हणून सांगणारे कारागीर मी पुष्कळ पाहिलेत. हा त्यातला नव्हता.

1947 मध्ये पॅरिसच्याच दिओर या फॅशनकाराने आवळलेली कंबर आणि फुगलेला घेर आणला आणि सगळं जग त्यामागे धावलं. बालेन्सियागा मात्र अंगापासून कापड सोडवत गेला. पाठीत फुगणारी जाकिटं आली, 1955 मध्ये सरळ ट्यूनिक, म्हणजे कुर्त्यासारखा लांब झगा, आला, आणि 1957 मध्ये आला तो सॅक ड्रेस, म्हणजे कंबरच नसलेला झगा. वर्तमानपत्रांनी त्याची पोत्यावरून यथेच्छ टिंगल केली. पुढच्या दशकात पाश्चात्त्य बायका ते आखूड, सरळ, कंबर नसलेले फ्रॉक घालून फिरू लागल्या, त्याची वाट या पोत्यातूनच गेली. (आपल्या सरळ कुर्त्याला त्याची गरज नव्हती, हे सांगून टाकते, नाहीतर प्रतिक्रियांमध्ये कुणीतरी विचारणारच.)

मोकळं म्हणजे आत काही नसायचं, असं मात्र नाही. 2017 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्याचं प्रदर्शन भरलं, तेव्हा काही कपड्यांचे चक्क एक्स-रे काढले होते. कापड नीट खाली पडावं म्हणून लावलेली वजनं वगैरे त्यात दिसली. बाहेरून सोपं दिसणारं आतून किती किचकट असतं, ते अस्तर लावणाऱ्याला विचारा.

शिवाय कापडच हवं तसं मिळत नसेल तर? 1958 मध्ये झुरिकच्या अब्राहम या कापडवाल्यांकडच्या गुस्ताव झुमश्टेगबरोबर त्याने गझार घडवलं. भरपूर पीळ दिलेल्या सुताचं रेशीम. हलकं, तरी दिलेला आकार धरून ठेवणारं. 1967 चा त्याचा नववधूचा पोशाख याच जातीच्या कापडाचा. फोटो शोधून बघा. त्यावर ना जर, ना मोती, ना लेस. नुसती घडी.

वारसा विचारलात तर तो कंपनीपेक्षा माणसांत जास्त उतरला. पुढे स्वतः नामवंत फॅशनकार झालेले कुरेज आणि उंगारो त्याच्या कारखान्यात घडले, तसाच नामवंत ऑस्कर दे ला रेंता याने माद्रिदच्या दुकानात काम केलं, आणि फॅशनकार जिव्हाँशी त्याला गुरूच मानायचा. तयार कपड्यांचा जमाना आला तेव्हा त्यात उतरण्याऐवजी त्याने दुकान बंद केलं. मला यात थोडा हट्टीपणाही दिसतो. कारखान्यातल्या इतक्या कारागीर बायकांचं पुढे काय, हा प्रश्न माझ्यासारखीच्या मनात आधी येतो.

कंपनीचं नाव पुढे एका हातातून दुसऱ्या हातात फिरलं. ज्या देम्ना नावाच्या फॅशनकाराच्या काळात ते फाटके बूट निघाले, त्यानेच 2021 मध्ये, 53 वर्षांनी, त्याच जॉर्ज पंचम रस्त्यावरच्या जुन्या दालनात हातशिलाईचे खास पोशाख पुन्हा दाखवले. म्हणजे नव्या मंडळींना जुनं काम ठाऊक नाही, असंही म्हणता येत नाही.

गेतारियात 2011 पासून त्याचं संग्रहालय आहे. तिकडे जाणं काही सगळ्यांना जमणार नाही, पण फोटो पाहताना एक करा. समोरून काढलेला फोटो सोडा आणि बाजूने काढलेला शोधा. पाठ आणि कापड यांच्यामध्ये किती जागा सोडलीय, ती बघा.