बारा महिन्यांची मुदत टळल्यावर

प्रश्न : बाबांना जाऊन १४ महिने झाले. सिडनीतलं घर त्यांनी मृत्युपत्रात भावाला दिलं, मला काहीच नाही. ‘प्रोबेट (मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता) होऊ दे, मग तुझं बघू’ असं भाऊ म्हणत राहिला, म्हणून मी थांबले. आता मुदत संपली म्हणतात. पुण्यात एक फ्लॅटही आहे. काही करता येईल का? – एक वाचक, सिडनी

उत्तर : येईल, पण आता एक आठवडाही दवडू नका. सिडनी ज्या राज्यात येतं त्या न्यू साउथ वेल्सच्या २००६च्या सक्सेशन ॲक्टप्रमाणे (वारसा कायद्याप्रमाणे) मुलीला आई-वडिलांच्या मालमत्तेतून तरतूद, म्हणजे गरजेपुरता वाटा, मागता येते. त्यासाठी मृत्युपत्र खोटं ठरवावं लागत नाही. मुदत १२ महिन्यांची, आणि ती प्रोबेटपासून नव्हे, मृत्यूच्या तारखेपासून मोजतात. बहुतेक जण इथेच फसतात. (व्हिक्टोरियात प्रोबेटपासून ६ महिने, क्वीन्सलँडमध्ये मृत्यूपासून ९. व्हिक्टोरियातल्या मेलबर्नच्या नातेवाइकांचा सल्ला म्हणूनच सिडनीत कामाचा नाही.)

उशिरा आलेला अर्ज न्यू साउथ वेल्सचं सुप्रीम कोर्ट ‘पुरेसं कारण’ असेल तरच घेतं. उशीर का झाला, त्याने भावाचं काय नुकसान होईल, कुणी वावगं वागलं का आणि मुळात मागणीत किती दम आहे, हे तपासलं जातं. नुसतं ‘मुदत माहीत नव्हती’ म्हणून भागेलच असं नाही. भावाने थांबायला सांगितलं, हे लेखी असेल तर फार मोलाचं. व्हॉट्सॲपवर तसे निरोप असतील तर ते तारखांसकट जपा. अडचणीचे वाटणारेही पुसू नका.

घर अजून बाबांच्याच नावावर आहे का, हे टायटल सर्च करून (मालकीची सरकारी नोंद काढून) आजच पाहा. आणि एक्झिक्युटरला (मृत्युपत्र अमलात आणणाऱ्याला) वकिलामार्फत कळवा, की दावा येतो आहे, वाटप थांबवा. मृत्यूनंतर ६ महिने उलटल्यावर, ३० दिवसांची नोटीस देऊन आणि दाव्याची कल्पना नसताना वाटप केलेल्या एक्झिक्युटरला कायदा संरक्षण देतो. वाटून झालेल्या मालमत्तेलाही ‘नोशनल इस्टेट’ म्हणून, म्हणजे ती अजून मृताचीच आहे असं मानून, कोर्ट हात घालू शकतं, पण मुदतीनंतरच्या अर्जात त्याच्या अटी बऱ्याच कडक आहेत. पत्र पाठवलं म्हणजे अर्ज झाला, असं मात्र समजू नका. कोर्टात समन्स (इथे दावा सुरू करणाऱ्या अर्जाचं नाव) दाखल होतं, तो दिवस धरतात.

मृत्युपत्र ज्याच्याकडे असेल त्याने ते मुलीला दाखवलंच पाहिजे. प्रतीचा खर्च तुमचा.

‘भावाइतकाच वाटा हवा’ ही मागणी इथे टिकत नाही. प्रश्न तुमच्या गरजेचा आहे. प्रतिज्ञापत्रात पगार, घरभाडं किंवा हप्ता, कर्ज, बचत, सुपर (निवृत्तीसाठीचा निधी), आजारपण सगळं आकड्यांत लिहा. नवऱ्याची मिळकतही लिहा. ती लपवलीत तर उलटतपासणीत सगळ्याच म्हणण्यावरचा विश्वास उडेल. सुनावणीआधी मध्यस्थी होते आणि पुष्कळ दावे तिथेच मिटतात. हरलात तर समोरच्याचा खर्च अंगावर येऊ शकतो, हे वकिलाशी आधीच बोलून घ्या.

पुण्याच्या फ्लॅटचा हिशेब वेगळा. तो बाबांनी स्वतः कमावलेला असेल, तर भारतात मुलीला अशी तरतूद मागायची सोय नाही. सही, साक्षीदार, मनःस्थिती किंवा दबाव यांवरच मृत्युपत्राला आव्हान देता येतं. फ्लॅटसाठीचा पैसा हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेतला असेल, तर मुलीचा जन्मसिद्ध हिस्सा मृत्युपत्राने जात नाही. खरेदीखत काढून पुण्यातल्या वकिलाला दाखवा.