सहभागी कृतिसंशोधन कॉलेजात खरंच जमतं का?

तुम्ही विचारलंय की सहभागी कृतिसंशोधन म्हणजे नेमकं काय आणि सिलॅबस सांभाळून ते जमतं का. मी कोल्हापुरात सीनियर कॉलेजला स्टॅटिस्टिक्स शिकवतो, आमच्या डिपार्टमेंटमध्ये आम्ही हे करतो. जमतं, पण पोरांना त्यात खरंच घेतलं तरच.

कृतिसंशोधन म्हणजे आपल्याच कामातल्या अडचणीवर उपाय करून बघायचा आणि त्यातनं शिकायचं. बी.एड.ला जे कृतिसंशोधन करतात त्यात बहुतेक वेळा प्रश्न शिक्षकच ठरवतो, उपायही तोच, मुलांवर फक्त चाचणी. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञानं १९४६ मध्ये कृतिसंशोधनाची कल्पना मांडली, पुढं १९७० च्या दशकात कोलंबिया देशात समाजशास्त्रज्ञ ऑर्लांडो फाल्स बोर्डा यांनी शेतकऱ्यांबरोबर काम करताना आग्रह धरला की ज्यांचा प्रश्न आहे तेच संशोधकही असले पाहिजेत. वर्गाच्या बाबतीत ते म्हणजे विद्यार्थी. बाकी आखणी, कृती, निरीक्षण, चिंतन आणि त्यातनं परत नवी आखणी, हे चक्र तुम्हाला कुठंही वाचायला मिळेल.

आमच्याकडं काय झालं सांगतो. "समजलं का?" विचारलं की अख्खा वर्ग "हो सर", आणि पेपरात स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासनं किती पसरलेत त्याचं माप) कोरं. मग एस.वाय.च्या (दुसऱ्या वर्षाच्या) काही पोरापोरींनीच सुचवलं की लेक्चर चालू असताना जिथं धागा सुटतो तिथं वहीच्या समासात पेन्सिलनं टिंब द्यायचं. तास संपल्यावर त्यांनीच वह्या गोळा करून टिंबं मोजली, तर बहुतेक टिंबं एकाच ओळीवर, जिथं मी आकडे सोडून डायरेक्ट सिग्माचं सूत्र लिहितो तिथं. गणितात कच्ची आहेत असं आम्ही स्टाफरूममध्ये म्हणत होतो, तसं नव्हतंच. एकाच्या घरी गुऱ्हाळ आहे, तो म्हणाला मार्केट यार्डातले गुळाचे भाव घेऊया, मग रोजचा भाव सरासरीपासनं किती लांब ते पोरांनी आधी हातानं काढलं, वर्ग केले, बेरीज केली, आणि सूत्र सगळ्यात शेवटी आलं. पुढच्या तासाला टिंबं त्या ओळीवरनं हलली, पण आता ती प्रश्नाच्या इंग्रजी वाक्यावर आली, म्हणजे दुसऱ्या चक्राचा प्रश्न त्यातनंच मिळाला. हे मला लई मोलाचं वाटतं, कुठल्याच फीडबॅक फॉर्मनं हे सांगितलं नसतं, कारण फॉर्म वर्ष संपल्यावर भरतात आणि त्या पोरांना त्याचा काही उपयोग होत नाही.

एक गोष्ट मात्र पक्की सांभाळा, इंटर्नलचे मार्क तुमच्या हातात असतात तोवर पोरं खरं बोलणार नाहीत. वह्या विद्यार्थ्यांनीच गोळा कराव्यात, तुमच्यापर्यंत नावं येऊ नयेत, मागच्या बाकावर निरीक्षणाला एखादा सहकारी बसवा आणि भाग घ्यायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, आणि ह्याचा मार्कांशी संबंध नाही हे पहिल्याच दिवशी सांगून तसंच वागा.

सिलॅबसचं म्हणाल तर पहिल्या सेमिस्टरला एकच युनिट घ्या, जिथं दरवर्षी गाडी अडते ते, आणि तासाची शेवटची दहा मिनिटं त्याला द्या. कुठलं युनिट ते मात्र पोरांनाच विचारा.